गुप्तदान

शकुबाईने दवाखान्याचा काचेचा दरवाजा ढकलला आणि आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाली, "जय भीम, रतन!"

उभा जन्म जलशात गायलेल्या बाईचा आवाज तो. बाकावर पेशंट बसले होते. गालाला रुमाल धरलेल्या एक गुजराती आजी, मोबाईल बघणारा एक माणूस, एक आई आणि तिची शाळकरी मुलगी. सगळ्यांनी माना वर केल्या.

रतन जाधव कोपऱ्यातल्या टेबलामागे बसून पेशंटना नंबर देत असे. मुलाचा दवाखाना, बापाचा वेळ जातो. तो झटकन उठला, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाला, "नमस्कार, नमस्कार. या ना, बसा."

शकुबाई उभीच राहिली. दोघं भांडुपच्या डोंगरावरच्या एकाच चाळीतली. रतन आता मुलाबरोबर मुलुंडला राहायला आला होता, एवढंच. आजवर त्याने तिला कधी 'या, बसा' म्हटलं नव्हतं.

"दाढ काढली का रे पोरानं तुझी?" ती म्हणाली. "आवाज कुठं गेला?"

आजी रुमालाआडून हसल्या. रतनचे कान तापले. शकुबाईच्या मागे तिची भाची रश्मी उभी होती, बँकेतून थेट आलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी डोंगरावरच्या मुलामुलींना गाणं शिकवायची ती. कलापथक आता तिच्याच जोरावर चाललं होतं.

"काका, आपल्याला नाट्यगृहाची तारीख मिळाली," रश्मी म्हणाली. "एप्रिलमधला शनिवार. मुलुंडचं नाट्यगृह, पडदा, लाईट, सगळं."

रतनला आनंद झाला, खरंच झाला. डोंगराखालच्या ज्या मैदानात जलसा व्हायचा तिथे आता इमारत उठत होती. गेल्या वर्षी कार्यक्रम झालाच नव्हता. रश्मीने गोळा केलेली पोरं त्यामुळे गळायला लागली होती. या वर्षीही काही झालं नसतं तर कलापथक मोडल्यातच जमा होतं.

"पण नाट्यगृहाचे उरलेले पैसे महिनाअखेर भरायचेत, नाहीतर तारीख जाते," रश्मी म्हणाली. "स्मरणिका काढतोय, दुकानदारांच्या जाहिराती घेऊन. त्यासाठी दादाकडे आलोय."

"थांबा, विचारतो," म्हणत रतन आतल्या खोलीकडे वळला.

"पैसे नको मागू," शकुबाई मागून म्हणाली. "नाव माग. म्हणावं, आमचा स्वागताध्यक्ष हो."

आत प्रबुद्धने एका माणसाची दाढ काढायला घेतली होती. नुकतंच दिलेलं भुलीचं इंजेक्शन चढायला वेळ होता, म्हणून तो बाजूला आला. रतनने सांगितलं. पत्रिकेवर सगळ्यात वर स्वागताध्यक्षाचं नाव असतं. दुकानदार पत्रिका हातात घेतो आणि आधी तेच नाव बघतो. ओळखीच्या डॉक्टरचं, वकिलाचं नाव दिसलं की त्याचा हात खिशात जातो. डोंगरावरची नावं मुलुंडच्या बाजारात कोणाला ठाऊक?

प्रबुद्धने मास्क खाली केला नाही. कपाट उघडून त्याने एक पाकीट काढलं, त्यात नोटा घातल्या, विचार करून आणखी घातल्या.

"हे द्या. नाव नको, बाबा."

"अरे, पण त्यांना..."

"पत्रिकेवर नको, बॅनरवर नको, स्टेजवरून नको. इथे सगळ्या प्रकारचे लोक येतात. कळतंय ना तुम्हाला?"

कळलं. न कळायला काय झालं? बाहेर पाटीवर 'डॉ. पी. आर. जाधव' होतं. जाधव कोणीही असतो. प्रबुद्ध नाव सांगितलं की माणूस कुठला ते लोक लगेच ओळखतात.

रतन त्या दोघींना घेऊन जिन्यात आला. बाहेर यायचं कारण त्यांना पोचवणं नव्हतं. आत आणखी बोलणं व्हायला नको, एवढंच होतं. त्याने शकुबाईच्या हातात पाकीट दिलं.

"आणि नाव?" तिने विचारलं.

रतन कठड्याकडे बघत राहिला. काय सांगायचं? खालच्या रस्त्यावर रिक्षा वळत होती. मग त्याच्या तोंडातून एक शब्द निघाला. तो त्याच्या घरात कोणी कधी वापरला नव्हता. देवळाच्या फरशीवर, वाचनालयाच्या पाटीवर वाचलेला शब्द.

"नाव नको म्हणतो. गुप्तदान करायचंय त्याला."

शकुबाई पायरीवर थांबली.

"गुप्तदान?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "अगं बाई. आमच्याकडं शंभर रुपये देणारा बॅनरवर फोटो मागतो, तोही गॉगल लावलेला. आणि हा एवढा शिकलेला, नावाची हाव नाही पोराला."

"मावशी, पण आपल्याला नावच तर हवं होतं ना," रश्मी म्हणाली.

"गप गं. देणाऱ्याला अट घालायची नसते." तिने रतनच्या दंडावर थोपटलं. "तुझ्यावर गेला नाही तो, बरं झालं."

रतन हसला.

पुढच्या रविवारी तो तालमीला गेला. जायचं नव्हतं, पण शकुबाईने निरोपावर निरोप पाठवले. डोंगरावरच्या विहाराच्या सभागृहात सतरंजी अंथरली होती. ढोलकीला नव्या कातड्याची पुडी चढवली होती, ती प्रबुद्धच्या पैशांतली, हे त्याला तिथे गेल्या गेल्या सांगण्यात आलं. पोरांनी उठून त्याला खुर्ची दिली.

खुर्चीत बसल्यावर त्याला दवाखान्याचं पहिलं वर्ष आठवलं. त्या वर्षी दिवसभर बसून एखादाच पेशंट यायचा. प्रबुद्ध मासिकं वाचत बसे. तेव्हा शकुबाईने आपल्या वगात दाढदुखीचा एक प्रवेश घुसडला होता. गाल सुजलेला पाटील, त्याला कोणी लवंग देतो, कोणी मंत्र घालतो, आणि शेवटी ती स्वतः कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अरे मुर्दाडांनो, मुलुंडात आपला प्रबुद्ध बसलाय, दाढ काढतो आणि वर हसवून पाठवतो!" लोक शिट्ट्या मारायचे. दुसऱ्या दिवसापासून डोंगरावरून, विक्रोळीहून, पार घाटकोपरहून माणसं दुखऱ्या दाढा घेऊन येऊ लागली. त्यांना बघून रस्त्यावरचे लोक आत आले. गर्दी असते तिथेच गर्दी येते. दवाखाना असा उभा राहिला. त्याचं कोणी काही मागितलं नव्हतं. देण्याघेण्याचं बोलणंच निघालं नव्हतं.

शकुबाईने पदर खोचला. "नवीन जोडलंय," ती म्हणाली. "स्वागताला म्हणायचं. नाव घ्यायचं नाही, पण आभार तर मानायला हवेत." आणि तिने उचललं:

"नाव न सांगता दिलं ज्यानं, त्याचं मन केवढं मोठं गं,
शिकून सवरून मान लववली, शिकावं असलं शिकणं गं."

मागच्या पोरांनी 'शिकावं असलं शिकणं गं' झेललं. ढोलकी कडाडली. संपल्यावर सगळ्यांनी रतनकडे बघून टाळ्या वाजवल्या. एका पोरीने चहा आणून दिला, बशीत दोन बिस्किटं जास्त. तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला आणि कधी एकदा उठता येईल ते बघत राहिला.

उठताना शकुबाई म्हणाली, "उद्यापासून बाजार फिरायचाय. तू चल आमच्यासंगं. तुला तिथं ओळखतात."

नाही कसं म्हणणार? गेला. रश्मीने बँकेत रजा टाकली होती.

दुकानदार वाईट बोलत नव्हते. खुर्ची देत, पाणी देत. पत्रिकेचा कच्चा नमुना हातात घेत, वर बघत, खाली बघत आणि म्हणत, "छान आहे. कोण कोण आहे तुमच्याबरोबर?" रश्मी सांगे. ते मान हलवत. "बघू हां. पुढच्या आठवड्यात या." औषधाचं दुकान, चष्म्याचं दुकान, क्लासवाले सर, मिठाईवाला. सगळ्यांचा पुढचा आठवडा. शकुबाईचे पाय सुजले. ती मिठाईवाल्याच्या पायरीवर बसून म्हणाली, "हा पुढचा आठवडा आला की त्याला एकदा ओवाळते मी."

शेवटी ते दवाखान्याच्या इमारतीत परत आले. तळमजल्यावर चंद्रप्रकाशचं भांड्यांचं दुकान होतं. चंद्रप्रकाश मारवाडी, पण जन्म मुलुंडचा, मराठी रतनइतकंच सरळ. त्याच्या वडिलांची कवळी प्रबुद्धने बसवली होती.

"बसा काका, बसा ताई," तो म्हणाला आणि कुकरच्या खोक्यांमधून स्टुलं काढली. पत्रिका बघितली. "स्वागताध्यक्षाची जागा रिकामी का ठेवली?"

शकुबाईला राहवलं नाही. ती पुढे वाकली. "शेठ, आहे आमचा एक. डॉक्टर आहे. लय मोठं मन. पैसे दिले आणि नाव घेऊ नका म्हणाला. गुप्तदान."

चंद्रप्रकाशने रतनकडे बघितलं, मग वर छताकडे, जिथे दवाखाना होता. मग तो हसला. वाईट हसला नाही, आपल्या माणसात हसतो तसा हसला.

"आपले डॉक्टर? जाधवसाहेब?"

रतनने शेजारचं कुकरचं खोकं उगाच सरळ केलं.

"काका, गुप्त काय त्यात? चौदा एप्रिलला दवाखाना बंद. सहा डिसेंबरला बंद. दारावर चिठ्ठी, 'वैयक्तिक कारणामुळे दवाखाना बंद राहील.' दर वर्षी त्याच तारखेला वैयक्तिक कारण?" त्याने हात पसरले. "अख्ख्या लाईनीला माहीत आहे. आम्ही बोलत नाही. डॉक्टरांना नको असेल म्हणून बोलत नाही."

दुकानात बाहेरून कोणी गिऱ्हाईक आलं, तवा विचारला, गेलं.

"ताई, सरळ सांगतो," चंद्रप्रकाश शकुबाईला म्हणाला. "मला कार्यक्रमाचं वावडं नाही. या रस्त्यावर धंदा करतो, इथल्या लोकांच्या लग्नाला, बारशाला भांडी विकतो. त्यांच्या गाण्याबजावण्याला माझा हात लागला पाहिजे, नाहीतर मी फक्त गल्ला मोजणारा. पण माझं एकट्याचं नाव छापलं तर उद्या आमच्यातले चार जण विचारतील, तू कुठे घुसलास? डॉक्टर वर असते तर मी खाली आलो असतो. माझ्या मागून चष्मेवाला आला असता. आता घरचाच माणूस नाव लपवतो, तर परक्याने काय करायचं?"

शकुबाई उठली. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

फुटपाथवर ती रतनची वाट बघत उभी राहिली. रश्मी दोन पावलं पुढे जाऊन थांबली, मुद्दामच.

"तुला माहीत होतं," शकुबाई म्हणाली.

"होय."

"तो म्हणाला होता गुप्तदान?"

रतनने मान हलवली. नाही.

त्याला वाटलं, आता ती आवाज चढवेल, अख्खा रस्ता ऐकेल. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मी त्याच्यावर गाणं केलं रे," ती म्हणाली. "पोरांकडून म्हणवून घेतलं. 'मान लववली' म्हटलं. नाव लपवलं होतं, आणि मी त्याला मान लववली म्हटलं. तू तिथं खुर्चीत बसून ऐकलंस."

"पैसे परत..." रतन काहीतरी बोलायला गेला.

"पैसे कुठले परत? पुडी चढली ढोलकीला. परत द्यायला मी श्रीमंत नाही." ती वळली. "चल गं रश्मी. याला याचे नंबर देत बसू दे."

दुपारी दवाखाना बंद असतो. प्रबुद्ध शटर अर्धं ओढून डबा खात होता. रतन त्याच्यासमोर बसला आणि सगळं सांगितलं. तालीम, गाणं, बाजार, चंद्रप्रकाश. चौदा एप्रिलची चिठ्ठी. काही गाळलं नाही. जिन्यातला शब्दही सांगितला.

प्रबुद्धने डबा बंद केला. "अख्ख्या लाईनीला माहीत आहे?"

"तो तसं म्हणाला."

"मग मी एवढी वर्षं कोणापासून लपतोय?"

तो पेशंटच्या खुर्चीवर जाऊन बसला. वरचा दिवा बंद होता. त्याने उगाचच हात वर करून दिवा पेटवला आणि पुन्हा विझवला.

"बाबा, उगाच नव्हतो लपत," तो म्हणाला. "घर बघत होतो तेव्हाचं आठवतं? सगळं ठरलं होतं. दलालाने कागदासाठी पूर्ण नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी मालकाचा भाचा अचानक गावाहून राहायला येणार होता."

"आठवतं."

"म्हणून म्हटलं, नाव नको. मला भीती वाटली. भीतीची लाज वाटली. ती मी तुमच्यापुढे उघडी केली. तुम्हाला म्हटलं ना, कळतंय ना म्हणून? गुप्तदान हा शब्द माझा नाही. माझ्या भित्रेपणाला तुम्ही पुण्य करून शकुमावशीच्या हातात दिलंत."

"मग काय सांगायला हवं होतं? माझा पोरगा घाबरतो म्हणून?"

"हो," प्रबुद्ध म्हणाला. "ती शिव्या देऊन गेली असती. पण तिने गाणं तर केलं नसतं."

पोराने सांगितलं ते खरं होतं आणि त्याने ते हळू आवाजात सांगितलं होतं. खाली रस्त्यावर केळीवाला ओरडत गेला. रतन टेबलावरचं कापसाच्या बोळ्यांचं डबडं उघडत होता, लावत होता.

"महिनाअखेर कधी आहे?" प्रबुद्धने विचारलं.

"शुक्रवारी."

प्रबुद्ध उठला. त्याने पांढरा कोट काढायला हात घातला, मग तसाच ठेवला. शटर वर ढकललं. "चला."

"कुठे?"

"खाली. आणि बाबा, तुम्ही पण चला. एकटा जायचं म्हटलं तर जिन्यातून परत येईन मी."

चंद्रप्रकाश गडबडला. कोट घातलेला डॉक्टर भर दुपारी दुकानात आलेला बघून त्याला वाटलं, वडिलांची कवळी बिघडली. प्रबुद्धने पत्रिकेचा नमुना काउंटरवर ठेवला.

"स्वागताध्यक्ष मी आहे," तो म्हणाला. "प्रबुद्ध रतन जाधव. पहिली जाहिरात तुमची हवी."

चंद्रप्रकाशने काउंटर पुसायचं फडकं उचललं आणि विनाकारण पुसत राहिला. "डॉक्टर, मी सकाळी जरा जास्त बोललो."

"नाही बोललात. देताय का?"

"देतो. खाली हां, तुमच्या नावाच्या खाली. वर नको."

तिथून ते पुढे गेले. चष्मेवाला म्हणाला, "हो का? आम्हाला वाटलंच." मिठाईवाला म्हणाला, "आमच्या मिसेसला ते गाणं फार आवडतं हो, ते डफवालं." क्लासवाल्या सरांनी अर्धं पान घेतलं आणि आपला फोटो छापायला दिला. कोणी आश्चर्य दाखवलं नाही. प्रत्येक दुकानात प्रबुद्ध पूर्ण नाव सांगे आणि समोरचा माणूस जुनी गोष्ट ऐकावी तशी मान हलवे. रतन त्याच्या मागे दाराशी उभा राही. प्रत्येक वेळी त्याला वाटे, हे एकदाच झालं असतं तर पुरलं असतं. दुकानागणिक पुन्हा नव्याने लाज का वाटावी?

शेवटी प्रबुद्ध दवाखान्याच्या जागेच्या मालकाकडे गेला. मागच्या गल्लीत राहायचे ते. त्यांनी बसवलं, सरबत दिलं, पत्रिका दोन्ही बाजूंनी वाचली.

"फार छान. कला जपली पाहिजे," ते म्हणाले. पत्रिका त्यांनी टेबलावर ठेवली, प्रबुद्धच्या बाजूला सरकवून. "आणि डॉक्टर, भाड्याच्या कराराचं पुढच्या महिन्यात एकदा बोलून घेऊ. इतके दिवस आपलं तोंडीच चाललं होतं, नाही का?"

बाहेर आल्यावर प्रबुद्धचा चेहरा उतरलेला होता. रतन म्हणाला, "सगळ्यांना माहीत होतं म्हणाला तो. यांना नव्हतं."

"असेल. आता झालं."

"सोडायचं का अजून? पत्रिका छापली नाही."

प्रबुद्धने बापाकडे असं बघितलं की रतनने पुढचं बोलणं गिळलं. आपण अजूनही त्या जिन्यातच उभे आहोत, हे त्याला तेव्हा समजलं.

पैसे शुक्रवारी भरले गेले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नाट्यगृह निम्म्याहून जास्त भरलं. डोंगरावरची माणसं लवकर येऊन बसली होती, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पोरं खुर्च्यांवर उड्या मारत. बाजारातली थोडी आली होती, कडेच्या रांगांत, जरा अवघडून. पडदा उघडायच्या आधी स्वागताध्यक्षाने दोन शब्द बोलायचे असतात. प्रबुद्ध माईकसमोर आला. त्याच्या हातात कागद नव्हता.

"मी डॉक्टर प्रबुद्ध जाधव," तो म्हणाला आणि थांबला. "आज इथे उभं राहताना मला सगळ्यात आधी एक कबुली द्यायची आहे. या कलापथकाने माझं नाव..."

पडद्याआडून शकुबाईचा आवाज आला. माईक नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत पोचला.

"ए डॉक्टर! लाज घरी ठेव. लोक तिकीट काढून आलेत. स्वागत कर आणि सरक!"

सगळं नाट्यगृह हसलं. बाजारवालेही हसले. प्रबुद्धही हसला, डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सगळ्यांचं स्वागत." आणि तो विंगेत गेला.

पडदा सरकला. नव्या पोरी, नव्या साड्या, मधे शकुबाई, डफ खांद्याशी धरलेला. स्वागताच्या ज्या दोन ओळी तिने केल्या होत्या त्या तिने म्हटल्या नाहीत. दुसरंच काहीतरी उचललं.

स्वागताध्यक्षाच्या वडिलांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. रश्मीने तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती. रतन तिकडे गेला नाही. तो मागे दारापाशी उभा होता. शकुबाईने त्या फुटपाथनंतर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मुलाला तिने पडद्याआडून ओरडून मोकळं केलं, तसं बापालाही एकदा ओरडावं, असं त्याला वाटत होतं. पण मुलाने बाजारभर फिरून ते कमावलं होतं. आपण त्याच्या मागे नुसते दाराशी उभे होतो.

चंद्रप्रकाश उशिरा आला, बायकोला घेऊन. दुकान बंद करून आला असावा, कपाळावर घाम होता. अंधारात त्याने रतनला ओळखलं.

"काका, आमची जागा कुठली?"

रतन त्यांना घेऊन पायऱ्या उतरला. कडेच्या रांगेत जागा नव्हती. तो पुढे पुढे गेला, पहिल्या रांगेपर्यंत, आणि चिठ्ठी काढून त्या खुर्चीवर बाईंना बसवलं. शेजारची एक खुर्ची मोकळी होती, तिथे चंद्रप्रकाश बसला.

"आणि तुम्ही?" तो कुजबुजला.

"मी उभा राहतो. पाहुणे आधी. घरच्या माणसाने मागाहून बसायचं असतं."

'घरचा' हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याने एकदा स्टेजकडे बघितलं. शकुबाईचं लक्ष नव्हतं. ती गात होती, डोळे मिटून, मागच्या पोरी तिचं शेवटचं अक्षर झेलत होत्या. तो वाकून, लोकांच्या गुडघ्यांना सांभाळत, पुन्हा मागे दारापाशी आला.

दारावरची मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला व्हाल? अजून लोक येतायत."

रतन भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याने येणाऱ्यांना वाट दिली.